मनगटावरच्या पाच ओळी

मेडिकल ब्रेसलेटवर काय कोरायचे, असे विचारले की बहुतेक घरांतून पहिले उत्तर येते : रक्तगट. हे उत्तर बहुतेक वेळा चुकते.

चुकते म्हणजे माहिती खोटी असते असे नाही. बी पॉझिटिव्ह माणूस बी पॉझिटिव्हच असतो. पण हुबळीच्या केशवापुरात सर्वोदय सर्कलपाशी कोणाची स्कूटर घसरली, १०८ च्या गाडीने त्याला उचलून विद्यानगरातल्या किम्स रुग्णालयात नेले (सरकारने नाव बदलले तरी गाव अजून किम्सच म्हणते) आणि त्याच्या मनगटावर ‘बी पॉझिटिव्ह’ असे सुबक कोरलेले निघाले, तरी तिथला डॉक्टर त्या अक्षरांच्या भरवशावर रक्ताची एक पिशवीही लावणार नाही. तो नमुना काढून रक्तपेढीकडे धाडेल. तिथे गट नव्याने तपासला जाईल, दात्याच्या रक्ताशी जुळवून पाहिला जाईल, आणि मगच पिशवी येईल. तेवढाही वेळ नसेल तर ओ गटाचे रक्त लावून वेळ निभावतात. दोन्ही वाटांनी गेले तरी कोरलेली ओळ कामाला येत नाही. चुकीच्या गटाचे रक्त जीव घेऊ शकते, म्हणून हा नियम कडक आहे.

मग ही सवय आपल्याला लागली कशी? ड्रायव्हिंग लायसन्सवर रक्तगट असतो, मुलांच्या शाळेच्या ओळखपत्रावर असतो, सोसायटीच्या फॉर्ममध्येही असतो. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सैनिक गळ्यात धातूचे बिल्ले घालत. त्यांवर नाव, क्रमांक, धनुर्वाताच्या लसीचे वर्ष, रक्तगट आणि धर्म एवढे ठोकलेले असे. रणांगणावर प्रयोगशाळा हाताशी नसते, तिथला हिशेब वेगळा. हुबळीच्या रस्त्यावर पडलेल्या माणसाचा हिशेब तसा नाही.

ब्रेसलेटची पट्टी असते बोटभर. तिच्यावर वाचता येईल अशा अक्षरात चार, फार तर पाच ओळी बसतात. त्याहून जास्त कोरायला गेलात तर अक्षर मुंगीएवढे होते आणि रात्री गाडीतल्या दिव्यात कोणाला दिसत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : मी बेशुद्ध असताना ही ओळ वाचून पहिल्या तासाभरातले उपचार बदलतील का? बदलणार असतील तर ओळ राहील, नाहीतर जाईल. हे सगळे प्रकरण त्या एका प्रश्नाचेच आहे.

ब्रेसलेटचा जन्मही अशाच एका ओळीतून झाला. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या टर्लॉक गावच्या डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीचे, लिंडाचे, बोट कापले. त्या काळच्या रीतीप्रमाणे धनुर्वाताचे प्रतिविष देण्याआधी तिला चाचणीपुरता इवलासा डोस दिला गेला, आणि तेवढ्यानेच तिची प्रकृती इतकी बिघडली की ती मरता मरता वाचली. आईवडिलांना धास्ती पडली, की पुन्हा कधी लागले आणि आपण जवळ नसलो तर? आधी त्यांनी तिच्याजवळ कागदाची चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. पुढे चिठ्ठीच्या जागी चांदीचे ब्रेसलेट आले. त्यावर तिला न चालणारी औषधे होती : ऍस्पिरिन, सल्फा आणि धनुर्वाताचे प्रतिविष. १९५६ मध्ये याच कुटुंबाने मेडिकअलर्ट फाउंडेशन काढले. लिंडाच्या त्या पट्टीवर रक्तगट नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ते प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनत असे. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिनने वर्षानुवर्षे अशीच औषधे बनवली. सर्पदंशावरचे इंजेक्शन आजही घोड्यांच्याच रक्तातून येते. ज्याला घोड्याच्या सिरमची जबर प्रतिक्रिया पूर्वी एकदा येऊन गेली आहे आणि ज्याचे शेत कुसुगल-नवलगुंदच्या काळ्या मातीत आहे, त्याने ती ओळ जरूर कोरावी. साप चावल्यावर इंजेक्शन तरीही द्यावेच लागेल, पण डॉक्टर ऍड्रेनॅलिनची सिरिंज आधी भरून ठेवील.

आता एक घर घेऊ. घर कल्पनेतले आहे, पण अशी घरे केशवापुरात आहेत. कुसुगल रोडच्या बाजूला राहणाऱ्या अक्का, वय चौसष्ट. यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. घरात मराठी, दारात कन्नड, टीव्हीवर हिंदी. लहानपणी अक्कांना सांधेताप झाला, त्यात हृदयाची मायट्रल झडप बिघडली आणि पुढे चाळिशीच्या आत धातूची झडप बसवली. दहा वर्षांपासून मधुमेह आहे, आता इन्सुलिन चालू आहे. पुण्याच्या भाच्याने ब्रेसलेट करून द्यायचे ठरवले आणि सुनेने कालनिर्णयच्या मागच्या पानावर यादी लिहायला घेतली. नाव, घराचा पूर्ण पत्ता, आधार क्रमांक, बी पॉझिटिव्ह, शुगर, बीपी, थायरॉइड, झडपेचे ऑपरेशन, मोतीबिंदूचे ऑपरेशन, पेनिसिलिनची ऍलर्जी, ब्रुफेन चालत नाही, शुद्ध शाकाहारी, मुलाचा फोन.

“शाकाहारी कशाला गं?” यजमानांनी विचारले.

“अहो, दवाखान्यात काहीतरी खायला घातलं म्हणजे?” उत्तर अक्कांनीच दिले.

बेशुद्ध माणसाला कोणी जेवण भरवत नाही. ती ओळ गेली. आधार क्रमांक गेला, कारण त्याने उपचार बदलत नाहीत आणि भलत्याच्या हाती लागला तर नसता ताप. रक्तदाब गेला : तो रुग्णवाहिकेतले यंत्र मिनिटभरात सांगते, तोही त्या क्षणीचा. थायरॉइडची गोळी दोन-चार दिवस चुकली तरी आभाळ कोसळत नाही. मोतीबिंदू केव्हाच निघाला, डोळा बरा झाला, त्याचे आता कोणाला काय?

उरले झडप, मधुमेह, पेनिसिलिन आणि ब्रुफेन. खरे काम इथून सुरू होते.

धातूची झडप बसलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपल्याकडे ती बहुधा ऍसिनोकुमारॉल असते, दुकानात ‘ऍसिट्रॉम’ म्हणून मिळते. काहींना वॉरफरिन असते. अक्कांच्या यादीत झडप होती, गोळी नव्हतीच! घरच्यांना वाटले, ऑपरेशन मोठे, गोळी ती काय, रोजचीच. डॉक्टरला नेमकी उलटी निकड असते. असा माणूस जिन्यावरून पडला, डोके आपटले, उठून बसला, चहासुद्धा प्यायला, तरी कवटीच्या आत रक्त झिरपत राहू शकते. गोळी माहीत असेल तर डॉक्टर वाट पाहत बसत नाहीत. लगेच सीटी स्कॅन करतात, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे मोजमाप) काढतात आणि गरज पडली तर के जीवनसत्त्व व रक्त गोठवणारे घटक देऊन गोळीचा जोर उतरवतात. तो उतरवतानाही हात राखून उतरवावा लागतो, कारण रक्त एकदम घट्ट झाले तर गाठ धरते ती थेट झडपेवर. म्हणून झडप आणि गोळी या दोन ओळी एकीखाली एक हव्यात. एकटी झडप लिहून भागत नाही आणि एकट्या गोळीनेही नाही.

गोळीचे नाव लिहायचे, नुसते ‘रक्त पातळ करणारे औषध’ असे नाही. हल्ली डॅबिगाट्रान, अपिक्साबान, रिव्हरोक्साबान अशीही औषधे अनेकांना चालू असतात. त्यांचा जोर उतरवण्याची रीत वेगळी आहे, आणि आयएनआर पाहून त्यांचा नीट अंदाजही येत नाही. डोस मात्र कोरू नये. ऍसिनोकुमारॉलचा डोस महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, स्टीलवरचा आकडा बदलत नाही.

मधुमेहाचे काय? भारतात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्या सगळ्यांनी ब्रेसलेट घालावे असे मला वाटत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याची साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. जाते ती इन्सुलिनवाल्याची, आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्याची. या गोळ्यांचा असर लांबतो, साखर एकदा वर आणली तरी पुन्हा घसरू शकते, म्हणून अशा माणसाला थोडा वेळ बरे वाटले तरी घरी सोडत नाहीत. साखर उतरलेला माणूस घामाने निथळतो, झोकांड्या खातो, बरळतो. दुर्गदबैलच्या गर्दीत असा कोणी दिसला तर चार लोक नाकाला रुमाल लावून बाजूने जातात : “सकाळीच टाकलीय वाटतं.” तिथे मनगटावरचे ‘इन्सुलिन’ हे एक नाव त्याची अब्रू आणि जीव दोन्ही वाचवते. म्हणून ‘मधुमेह’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘इन्सुलिन’ लिहिलेले बरे. अक्षरेही वाचतात.

पेनिसिलिनची गंमत पुढे आहे. भाच्याने विचारले, “अक्का, पेनिसिलिनने तुला नेमकं काय झालं होतं?”

“अरे, इंजेक्शन दिलं की मला घेरी यायची. कंबर दोन दिवस दुखायची. आईनं सांगून ठेवलंय, पेनिसिलिन चालत नाही.”

“किती वेळा घेतलंस?”

“दर तीन आठवड्यांनी. बरीच वर्षं.”

सांधेताप झालेल्या मुलांना तो उलटू नये म्हणून बेंझाथीन पेनिसिलिनची इंजेक्शने दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे देतात, आणि ती दुखतात हेही खरे. खरी ऍलर्जी असती तर अक्कांना ती इतकी वर्षे कोणी टोचलीच नसती. अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास कोंडणे, कातडी सोलवटणे ही ऍलर्जी. घेरी, मळमळ, जुलाब, कंबरदुखी ही ऍलर्जी नव्हे. परदेशांत आपल्याला पेनिसिलिनची ऍलर्जी आहे असे सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली, तेव्हा दहांतल्या नऊ जणांना ते औषध सुखरूप चालते असे दिसले. तुम्ही म्हणाल, लिहून ठेवले तर बिघडते काय, सावधपणाच की! अक्कांच्या बाबतीत बरेच बिघडते. कृत्रिम झडपेला जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो आणि त्यातल्या काही जंतूंवर पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे सगळ्यांत गुणकारी असतात. खोटी ऍलर्जी कोरून ठेवली की डॉक्टर तो हुकमी एक्का बाजूला सारून दुसऱ्या दर्जाचे पान खेळतात. अर्थात ही ओळ घरच्या घरी खोडायची नाही. जुनी फाइल घेऊन डॉक्टरांकडे जायचे आणि त्यांनी हो म्हटले तरच खोडायची.

ब्रुफेन अक्कांना ‘चालत नाही’ तेही ऍलर्जीमुळे नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ते घेतले तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी मना केलेले. ऍसिनोकुमारॉलची ओळ वाचणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. ती ओळही गेली.

पण ज्यांना वेदनाशामकांची खरीच ऍलर्जी आहे, त्यांच्यासाठी इथे थोडे थांबायला हवे. आपल्याला औषधे दुकानातल्या नावांनी ठाऊक असतात. एखादा दमेकरी ‘ब्रुफेन नको’ असे कोरून घेतो. पुढचा माणूस ब्रुफेन देतच नाही, कॉम्बिफ्लाम देतो, आणि तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनच असते, म्हणजे ब्रुफेनमधलेच औषध. ऍस्पिरिनने ज्याचा दमा उसळतो त्याला आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनेही तो उसळू शकतो. म्हणून औषधाचे मूळ नाव लिहायचे, दुकानी नाव नाही. एकाच घराण्यातली अनेक औषधे चालत नसतील तर त्या घराण्याचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्यायचे. आणि शक्य असेल तर प्रतिक्रिया कोणती होती हेही एका शब्दात : ‘श्वास’ किंवा ‘पुरळ’. पुरळ आलेल्याला प्रसंगी जोखीम घेऊन औषध देता येते, श्वास कोंडलेल्याला नाही.

डॉक्टरांनी पेनिसिलिनची ओळ खोडल्यावर अक्कांच्या पट्टीवर शेवटी राहिले ते एवढे : नाव, मायट्रल जागी धातूची झडप, ऍसिनोकुमारॉल, इन्सुलिन, दोन फोन नंबर. तेरा गोष्टींची यादी सुरू झाली होती.

दोन फोन का, तर यजमानांचा एकच नंबर द्यायचा नाही म्हणून. नवरा-बायको एकाच गाडीतून निघतात आणि एकाच गाडीतून पडतात. पहिला नंबर घरातल्याचा, दुसरा दुसऱ्या घरातल्या माणसाचा. अनोळखी नंबर उचलतो आणि गोळ्यांची नावे सांगू शकतो असा माणूस निवडावा. लाडका पण फोन कायम सायलेंटवर ठेवणारा भाचा इथे कामाचा नाही.

बाकी आजार-औषधांपैकी काहींना पट्टीवर ओळ निर्विवाद हवी, आणि त्यात सर्वांत दुर्लक्षित म्हणजे स्टेरॉइड. संधिवात, दमा, त्वचारोग अशा दुखण्यांसाठी जे महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोनसारखी गोळी घेतात, त्यांची अधिवृक्क ग्रंथी झोपी जाते. अपघात किंवा मोठा ताप आला की शरीराला जादा स्टेरॉइड लागते आणि ते आतून येत नाही. रक्तदाब कोसळतो आणि सलाइनने तो वर येत नाही. हायड्रोकॉर्टिझोनचे एक इंजेक्शन तिथे माणूस फिरवते, पण ते द्यायचे सुचायला हवे. आपल्याकडे गुडघेदुखीवरच्या गावठी पुड्यांतून नकळत स्टेरॉइड घेणारे लोक आहेत. त्यांना तर आपण ते घेतो हेही माहीत नसते, मग कोरणार काय?

डायलिसिसचे रुग्ण फिस्तुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) असलेल्या हाताची ओळ घालतात : ‘डाव्या हातावर बीपी नको, सुई नको’. ब्रेसलेट अर्थातच उजव्या हातात घालायचे. हिमोफिलियात प्रकार ए की बी हे लिहावेच लागते, कारण कोणता घटक टोचायचा ते त्यावर ठरते. हुबळीकरांना दावणगेरे जवळ आहे, तिथल्या कर्नाटक हिमोफिलिया सोसायटीत याचे मार्गदर्शन मिळते. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्यांनी ‘प्रत्यारोपण’ लिहावे. पेसमेकर गळ्याच्या हाडाखाली हाताला लागतो आणि ईसीजीत दिसतो. जागा उरली तर लिहा.

आता रक्तगटाकडे परत. वर ‘बहुतेक’ म्हटले, त्याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याच मुलखातला आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, जे नेहमीच्या चाचणीत ओ दिसत होते पण ओ गटाच्या कोणाशीही जुळत नव्हते. लॅन्सेटमध्ये तो शोध छापून आला आणि जगाने त्या गटाला बॉम्बे हे नाव दिले. आपल्या तांबड्या पेशींवर एच नावाचा एक पाया असतो, त्यावर ए आणि बी उभे राहतात. ओ गटात नुसता पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो, आणि रक्तात उलट त्या पायाविरुद्धची प्रतिद्रव्ये तयार असतात. म्हणून अशा माणसाला ओ गटाचे रक्तही घातक. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचेच रक्त चालते. युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याचा, मुंबईच्या बाजूला साधारण दहा हजारांत एकाचा.

या माणसाने मात्र रक्तगट पहिल्या ओळीत कोरावा. आणि कसा कोरावा हेही महत्त्वाचे. वैद्यकीय खूण आहे मोठा ओ आणि त्याला चिकटलेला बारीक एच. कोपीकर रोडवरचा ट्रॉफीवर नावे कोरणारा कारागीर ते बारीक अक्षर गाळेल, नाहीतर झिजून जाईल, आणि उरेल नुसता ओ, म्हणजे नेमकी जीवघेणी चूक. म्हणून पूर्ण शब्दांत : ‘बॉम्बे ब्लड ग्रुप. ओ नव्हे.’ या गटाच्या दात्यांची नोंद ठेवण्याचे काम बंगळूरची संकल्प इंडिया फाउंडेशन करते. त्या नोंदीत आधीच नाव असेल तर अडल्या वेळी शोधाशोध कमी होते. आपल्या घरातल्या कोणाला हा गट आहे असे कळले तर भावंडांचीही तपासणी करावी, कारण तो आनुवंशिक आहे.

लिपी कोणती? केशवापुरातल्या मराठी घरापुढे हा प्रश्न पुण्यातल्या घरापेक्षा जास्त उभा राहतो. या भागात रेल्वे आली तीच सदर्न मराठा रेल्वे या नावाने, तिचे मुख्यालय होते धारवाडला. आज दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय इथे केशवापुरात आहे आणि पोरेबाळे पुण्या-मुंबईला. अक्का वर्षातून चार खेपा तरी बेळगाव, मिरजमार्गे पुण्याला जातात. चक्कर लोंढ्याला येऊ शकते, मिरजेला येऊ शकते, शिवाजीनगरलाही. या सगळ्या ठिकाणी डॉक्टर आणि १०८ वरचा माणूस इंग्रजी मोठी अक्षरे वाचतो. मराठीच्या कितीही प्रेमात असलो तरी आजार आणि औषध इंग्रजीत कोरावे, आकडेही इंग्रजी. माझ्या मते यात अस्मिता आणू नये.

एक परिस्थिती मात्र पूर्ण उलटी आहे. विस्मरण झालेले आजोबा संध्याकाळी घरातून निघतात आणि परत येत नाहीत. त्यांची पट्टी डॉक्टर वाचणार नाही. वाचणार तो रिक्षावाला, भाजीवाली, चौकातला पोलीस. तिथे कन्नड हवे, मुलाचा फोन पहिल्या ओळीत आणि ठळक हवा, आणि ‘केशवापूर, हुबळी’ एवढाच पत्ता पुरे. घर क्रमांक कोरला तर वाट चुकलेल्या म्हाताऱ्याबरोबर चोरालाही घर सापडते. आजोबा शेजारच्या गावी मुलीकडे राहायला जात असतील तर तिचाही नंबर हवा. औषधांच्या ओळी इथे खाली गेल्या तरी चालतील.

अपस्माराची ओळ डॉक्टर आणि वाटसरू दोघांसाठीही असते. रस्त्यात फिट आली की आपल्याकडे चपला, कांदे आणि किल्ल्यांचे जुडगे घेऊन लोक धावतात. त्यांतले काहीही लागत नाही. कुशीवर वळवायचे, तोंडात काही कोंबायचे नाही, आणि झटके पाच मिनिटांच्या वर गेले तर १०८ ला फोन करायचा. पण तरुण मुलींच्या आया ही ओळ कोरू देत नाहीत, लग्नाचे कारण सांगतात. १९९९ सालच्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची अट काढून टाकली, समाजातून ती निघालेली नाही. अशा वेळी गळ्यातल्या लॉकेटच्या मागच्या बाजूला कोरावे : न कोरण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. एचआयव्ही मात्र कोरू नये. दवाखान्यात प्रत्येक रुग्णाच्या रक्ताला सारखीच खबरदारी घ्यायची असते. ती माहिती डॉक्टरच्या कानात सांगायची असते, बसमधल्या शेजाऱ्याच्या डोळ्यांपुढे धरायची नसते.

फोनमध्येही अशी माहिती भरून ठेवता येते. इंग्लंडमधल्या बॉब ब्रॉची या रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने २००५ साली लोकांना फोनमध्ये जवळच्याचा नंबर ‘आयसीई’ या नावाने ठेवायला सुचवले आणि ते जगभर झाले. आता कुलूपबंद पडद्यावरूनही तातडीची माहिती उघडते. भरून ठेवा. पण अपघातात फोन फुटतो, हरवतो, आणि कधी कधी सगळ्यांत आधी चोरीला जातो. क्यूआर कोडच्या पट्ट्या निघाल्या आहेत. लोंढ्याच्या घाटात रेंज नसते आणि ती कंपनी बंद पडली की कोडही मुका होतो. त्याच्या जोडीला निदान दोन शब्द साध्या अक्षरांत हवेतच. चौदा आकडी आभा क्रमांक कोरण्यातही अर्थ नाही : त्यामागची कागदपत्रे तुमच्या संमतीने उघडतात, आणि तुम्ही त्या वेळी बेशुद्ध असता.

घालायचे ते मनगटात, कारण पडलेल्या माणसाची नाडी प्रत्येक जण तिथेच पाहतो. आपल्या मनगटांवर आधीच बांगड्या, गंडे, देवळातले दोरे आणि वातावरची तांब्याची कडी असतात. त्यांत ही पट्टी आणखी एक दागिना वाटता कामा नये. पुढच्या बाजूला काठीभोवती एकच साप वेटोळे घातलेली वैद्यकीय खूण लाल रंगात असावी. दोन साप आणि पंख असलेली खूण दुसऱ्याच देवाची आहे, तरी दवाखान्यांच्या पाट्यांवर सर्रास दिसते. पांढऱ्यावर लाल क्रॉस मात्र कोरून घेऊ नका. ते चिन्ह १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने राखून ठेवलेले आहे. धातू स्टेनलेस स्टील बरा. चांदी मऊ असते, कोरीव अक्षर झिजते.

आणि कोरणाऱ्याकडे जाण्याआधी पाचही ओळी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तुमच्या डॉक्टरांना दाखवा, औषधांची स्पेलिंगे त्यांच्याकडून तपासून घ्या. वर्षाने ऍसिनोकुमारॉल बदलून दुसरी गोळी सुरू झाली तर त्याच दिवशी जुनी पट्टी काढून ठेवा आणि नवी करायला टाका. बंद झालेल्या औषधाची पट्टी घालण्यापेक्षा रिकामे मनगट परवडते.